चारच्या बोटीआधी एक फेरी

आमची ईरा खेळण्यातल्या जीपमध्ये बाहुल्या बसवत होती. बाहुला पुढे, बाहुली मागे. मी सहज म्हटलं, "बाहुलीला चालवू दे की जरा." त्यावर सात वर्षांच्या त्या बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आई, लेडीजना ड्रायव्हिंग येत नाही. यू ऑल्सो डोन्ट नो."

माझं डोकंच फिरलं. सौदीत आज, २०१२ सालीही, बायकांना गाडी चालवायला मनाई आहे, हे तिला मी सांगितलं असतं तर कळलं असतं. पण रियाधमध्ये वाढलेल्या या मुलीने आपल्या बुद्धीने भलताच निष्कर्ष काढला होता. अहो, पुण्यात मी रोज कोथरूड ते हडपसर गाडी घेऊन जायची. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रिव्हर्स घ्यायला मीच शिकवलंय. त्याला विचारून बघा, तो लगेच विषय बदलेल.

त्याच आठवड्यात मंदारच्या ऑफिसातून एक पत्रक घरी आलं. पूर्वेच्या किनाऱ्यावर एका सफरी-बोटींच्या कंपनीचं खाजगी बेट आहे. सकाळी बोटीने न्यायचं, दिवसभर समुद्र, जेवण, चार वाजता परत. मंदारला त्यात पाण्यातली घसरगुंडी दिसली. मला कोपऱ्यातली एकच ओळ दिसली : फिरायला बॅटरीवरच्या गाड्या मिळतील. खाजगी बेट, म्हणजे तिथे शहराचा रस्ता नाही आणि पोलीसही नाही. "जाऊ या," मी इतक्या पटकन म्हटलं की मंदारला संशय आला.

गुरुवारी पहाटेची फज्रची बांग झाली आणि आम्ही निघालो. रियाध ते किनाऱ्यावरचं खोबर शहर हा चार तासांचा सरळसोट रस्ता आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे तो खर्च विसरा. मात्र घरातल्या सगळ्यांचे इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, बरोबर ठेवा, वाटेत चेकपोस्टवर लागतात. इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे मी बसते ती पुण्यातली ड्रायव्हरची जागा. पुढे ट्रक आला की माझा पाय आपोआप ब्रेक दाबतो आणि मंदार म्हणतो, "दाब, दाब, मॅट फाटेल." उजवीकडे वाळू, डावीकडे वाळू, मध्येच पाच-सहा उंट. ईरा होफुफच्या फाट्यापर्यंत झोपली होती.

बेटावर बाहेरचं खाणं न्यायला बंदी आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या मी टॉवेलच्या गुंडाळीत घातल्या होत्या. तुम्ही असं करू नका. केलंत तर लसणाची चटणी नेऊ नका, अख्ख्या बोटीला वास येतो.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या मी गाड्या भाड्याने देणाऱ्या खिडकीकडे धावले. बाराही गाड्या गेलेल्या! खिडकीमागे चाळिशीचा एक माणूस हिंदीत सगळ्यांची समजूत काढत होता. मध्येच तो स्वतःशी पुटपुटला, "काय कटकट हाय." मी लगेच मराठीत सुरू झाले. रशीदभाई, दापोलीकडचे.

"वैनी, आता दुपारची जोहरची नमाज होईपर्यंत काय मिळायची नाय," ते म्हणाले. "नमाजेला खिडकी बंद व्हायच्या आधी नंबर लावा. उघडल्यावर पैली गाडी तुमची. पर फॉर्मवर सही दादांची लागंल हां, लायसन इथलं पायजे."

"सही त्यांची. चालवणार मी."

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं. "मी काय ऐकलंच नाय," ते म्हणाले.

तुमच्यासाठी सल्ला : अशा ठिकाणी सगळे आधी पाण्यात पळतात आणि नमाजेनंतर एकदम रांगा लावतात. तुम्ही उलटं करा. खिडकी बंद होताना पुढे उभे राहा. मी अर्धा तास बंद खिडकीसमोर उन्हात उभी राहिले. मंदार आणि ईरा घसरगुंडीवरून ओले होऊन आले. खिडकी उघडली, मंदारने चालक म्हणून ऐटीत सही केली आणि सवयीने डावीकडे बसायला गेला.

"सरक," मी म्हटलं.

"अगं, सहा वर्षं झाली. जमेल का?"

ईरा मध्ये पडली. "आई, प्लीज, बाबाला दे ना. तुला येत नाही. सगळे बघतायत."

हे मात्र लागलं. नवऱ्याने चिडवलं तर उत्तर तयार असतं. इथे आपली मुलगीच आपल्यापायी लाजत होती. मी डावीकडे बसले, पदर खोचतात तसा अंगावरचा काळा अबाया गुडघ्याखाली खोचला आणि पेडल दाबलं.

गाडी निघाली! वळण असं घेतलं की लोणी कापावं. ईराच्या तोंडाचा आ झाला. मी मोठ्या दिमाखात रस्त्याला लागले, आणि समोरून एक गाडी थेट माझ्या अंगावर येऊ लागली. मागून शिट्टी वाजली. रशीदभाई दोन्ही हात हलवत पळत येत होते. "वैनी! ही दापोली नाय! उजवीकडनं! उजवीकडनं!"

सहा वर्षं सौदीत राहून मी पुण्याच्या बाजूने चालवत होते. मंदार हसून हसून गाडीतून पडायचा बाकी होता. ईराने तोंड झाकून घेतलं. मी गाडी उजवीकडे घेतली, खोल श्वास घेतला आणि मनाशी म्हटलं, आता बोटीची वेळ होईपर्यंत उतरायचं नाही.

पुढच्या वळणावर तीन सौदी बायका, दोन मुलं आणि एक भलामोठा थर्मास उन्हात उभे होते. फॅमिली बीच बेटाच्या दुसऱ्या टोकाला आणि तिथवर नेणारी कंपनीची गाडी परका पुरुष चालवणार, म्हणून त्या आपल्या माणसांची वाट बघत होत्या. मला पाहून त्यांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग तिघींनी एकदम हात केले. जागा कुठे होती? मी मंदारकडे पाहिलं.

"मी चालत येतो," तो समजून म्हणाला.

"टॉवेलही घे. नीट धर, पुऱ्या आहेत."

त्या बसल्या. त्यातली वयस्कर बाई माझ्या शेजारी. तिने माझ्या हातांकडे, मग पायाकडे पाहिलं आणि खांद्यावर थाप मारली, "यल्ला!" म्हणजे चल, निघ; एवढंच अरबी मला पुरेसं होतं. मी त्यांना बीचवर सोडलं, तर तिथे दुसऱ्या दोघी धक्क्याकडे जायला तयार. त्यांना सोडलं, तर तिथे एक केरळची आजी आणि तिची सून. दुपार अशीच गेली. दुसऱ्या फेरीपासून ईरा मागे उभी राहून ओरडू लागली, "ओन्ली लेडीज! ओन्ली लेडीज! माय मदर इज ड्रायव्हिंग!" प्रत्येक फेरीत तिचा आवाज वाढत होता. वाटेत दोनदा मंदार दिसला, टॉवेल बगलेत, तोंडात पुरी. एकदा त्याने हात दाखवून गाडी थांबवायचा प्रयत्न केला. सात वर्षांच्या कंडक्टरने त्याला घेतलं नाही.

समुद्रात मी पायसुद्धा बुडवला नाही. घसरगुंडीची मजा विचाराल तर सांगता येणार नाही. पावणेचारला गाडी परत दिली तेव्हा रशीदभाईंनी फॉर्म पाहिला आणि म्हणाले, "दादा, गाडी झकास चालवलीत हां." मंदार म्हणाला, "सवय आहे."

परत येऊन तीन आठवडे झाले. नाकाचं सालटं निघालं, टॉवेलला अजून तेलाचा वास आहे. परवा सकाळी मंदार तापाने पडला होता आणि नेमकी शाळेची व्हॅन आली नाही. आमची गाडी खाली उभी, किल्ली दाराजवळ खिळ्याला. ईराने किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी ती परत खिळ्याला लावली. "इथे चालत नाही, राजा," मी म्हटलं. तिने का म्हणून विचारलं आणि मी तिच्या बुटाची नाडी बांधायला वाकले. दप्तर घेऊन आम्ही खाली टॅक्सी पकडली.

दोन सिग्नल गेले आणि ईरा एकदम पुढे झुकून पठाण ड्रायव्हरला म्हणाली, "अंकल, मेरी मम्मी को भी गाड़ी चलाना आता है."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या बहिणीला विचारावं तसं विचारलं, "सच में, बाजी?"

"सच में," मी म्हटलं. रियाधमध्ये सहा वर्षांत हे मला कोणी पहिल्यांदाच विचारत होतं.