हरण्याचा खुराक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आणि माझ्या व्यायामशाळेत येणाऱ्या पोरांना तर नाहीच — त्यांना मी याच्या बरोब्बर उलटं सांगत आलोय. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे. फक्त एक आधीच बजावून ठेवतो — मी रडणार नाही. रडका कबुलीजबाब हवा असेल तर खुशाल पान उलटा.

मी बावन्न वर्षांचा आहे. नारायणगावात माझी व्यायामशाळा आहे. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर माझा फोटो — तिशीतला, छाती पुढं काढलेला. त्याखाली लाल रंगात लिहिलंय, ‘शुद्ध शाकाहारी शरीर’. हे मीच रंगवून घेतलं. पेंटरनं ‘शुद्ध’ लहान काढला होता, तो मी मोठा करून घेतला.

पोरं येतात. हातात पावडरचे डबे, खिशात मोबाईल, मोबाईलमध्ये कुठला तरी हिंदी बोलणारा पैलवान. विचारतात, “सर, व्हेजमध्ये प्रोटीन आणायचं कुठनं?” मी म्हणतो, हुलग्यातनं. की हसतात. हुलगा म्हणजे बैलाचं खाणं! हसा की. तुमच्या आज्या शेंगोळी कशाची करत होत्या? हुलगा भिजवा, मोड आणा, शिजवा. सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर. बरोबर बाजरीची भाकरी, मूठ-मूठ शेंगदाणे, फुटाणे, म्हशीचं दूध, घरचं दही. एकाच डाळीवर विसंबू नका, धान्य आणि कडधान्य एकाच ताटात घ्या. आणि वर्षभर न चुकता जोर काढा. सहा महिन्यांत शर्ट दंडात अडकला नाही तर माझ्या नावानं कुत्रं पाळा. या वयातही मी पंचविशीच्या पोराला बेंचवर घाम फोडतो, आणि तो हुलग्यावर.

यातला शब्दन् शब्द खरा आहे. कुठल्याही डॉक्टरला विचारा.

खोटं आहे ते त्यापुढचं वाक्य. ते मी सत्कारात बोललोय, शाळेच्या स्नेहसंमेलनात बोललोय, ओझरच्या देवळासमोर माइक हातात घेऊन बोललोय — “मी जन्मात अंड्याला शिवलेलो नाही.” आमच्याकडच्या मासवडीत मासा नसतो, हे बाहेरच्या पाहुण्याला समजावून सांगावं लागतं. माझं उलटं आहे. माझ्या नावात काही नाही, पण आत आहे.

थांबा. अंडं खाल्लं म्हणून मी कबुली देतोय असं वाटलं असेल, तर ते डोक्यातनं काढून टाका. अंडं खाल्लं याची मला काडीची लाज नाही. ज्याला खायचंय त्यानं खावं. माझी गोष्ट वेगळी आहे.

आमचं घर माळकरी. आईच्या, अण्णांच्या, आम्हा दोघा भावांच्या — सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. कांदासुद्धा एकादशीला उंबऱ्याबाहेर. आणि त्याच घराच्या मागं, गोठ्यात, बांबूच्या टोपलीत नेहमी दोन-तीन डझन अंडी असायची! कारण अण्णांना दोन वेडं होती — एक विठ्ठलाचं, दुसरं बैलगाडा शर्यतीचं. गाड्याला पळणारा हरण्या नावाचा खोंड त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला होता. पोटच्या पोरापेक्षा बराच चांगला, खरं तर. रोज सकाळी दुधात आठ अंडी फोडून ती बांबूच्या नळकांड्यानं हरण्याच्या घशात ओतायची, असा नेम होता. पण घरात ‘अंडं’ हा शब्द चालायचा नाही. ‘हरण्याचा खुराक’ म्हणायचं. बाजारातनं काय आणलं? खुराक. टोपलीत किती आहे? दोन दिवसांचा खुराक. शब्द बदलला की विटाळ जातो, अशी आमची सोय.

अण्णा स्वतः त्या टोपलीला हात लावत नसत. ते काम उस्मानचाचांचं. चाचा जुन्नरचे. रोज सायकलवर यायचे, सोळा वर्षं गोठा त्यांच्याच हातात होता. बैलाच्या डोळ्यात बघून ते सांगायचे, आज हा पळणार की नाही. मला अंगाचं वेड लागलंय हे सगळ्यांत आधी त्यांनीच ओळखलं. मी एकोणीस वर्षांचा, जुन्नरच्या कॉलेजात, छाती म्हणजे कपडे धुवायची फळी. चाचा बैलांसाठी हुलगा शिजवायचे, त्यातलं एक पातेलं मीठ-लसूण घालून माझ्यासाठी वेगळं काढायचे. “खा रं. याला ताकद येती तर तुला का न्हाई येनार?” म्हणायचे. मला हुलगा दिला तो या माणसानं. हे पुन्हा वाचा, कारण पुढचं वाचताना ते लक्षात असलं पाहिजे.

पण मला घाई होती. न्हाव्याच्या दुकानात एका परदेशी पैलवानाचा फोटो होता, आणि न्हावी म्हणाला, हा रोज डझनभर कच्ची अंडी पितो. झालं. घरात माळ, आणि घरामागं टोपली. गवत खाणाऱ्या जनावराला अंडी, आणि ज्याला हवीत त्या पोराला ताक! तुम्ही काय केलं असतं?

ते वर्ष असं होतं की रमजान आणि गावच्या यात्रा एकाच दिवसांत आल्या होत्या. चाचांचे रोजे चालू होते. भर उन्हात बैलांना फिरवायचे, घोटभर पाणी नाही. दुपारी गोठ्यासमोरच्या आंब्याखाली चादर अंथरून नमाज पढायचे. आंबा पश्चिमेला, गोठा पूर्वेला. नमाजात त्यांची पाठ गोठ्याकडं असायची — आणि तेवढा वेळ काहीही झालं तरी ते मागं वळून बघणार नाहीत, हे मला माहीत होतं.

कळलं ना?

पहिल्या दिवशी दोन. मग तीन. दाभणानं टोकाला भोक पाडायचं, चोखायचं, टरफल उकिरड्यात खोल खुपसायचं. माळ मधे यायची, ती दोन बोटांनी बाजूला करायची. साधारण तीन आठवडे हे चाललं. चाचांच्या लक्षात आलं की खुराक कमी पडतोय. ते भोळेपणानं अण्णांना म्हणाले, मुंगूस येतंय बहुतेक. टोपलीवर दगड ठेवायला लागले. मी दगड उचलायचो आणि परत तसाच ठेवायचो.

मग यात्रा आली. शर्यतीत आमच्या गाड्याची बारी सुटली, आणि घाटाच्या, म्हणजे गाडे पळायच्या चढणीच्या, निम्म्यात हरण्यानं पाय आखडला. गाडा मागं पडला. अंडी कमी पडली म्हणून? मला अजून तसं वाटत नाही. बैलाचाही एखादा दिवस वाईट असतो. पण अण्णांचं नाक गावासमोर कापलं गेलं होतं, त्यांना कुणीतरी हवं होतं. दुसऱ्या दिवशी उकिरडा उपसताना टरफलं निघाली. सगळी भोक पाडलेली, अखंड.

अंगणात पाच-सहा माणसं होती. अण्णांनी टरफल चाचांच्या डोळ्यांपुढं धरलं. “मुंगसाला दाभण चालवता येतं व्हय रं?”

चाचा म्हणाले, “अण्णा, रोजा हाय माजा. सकाळधरनं पाण्याचा थेंब घेतला न्हाई.”

अण्णा म्हणाले, “मग आमी खाल्ली? माळकऱ्याच्या घरात खुराक कोन खानार? तुज्याबिगर हाय कोन हितं खानारं?”

आणि सगळ्यांना ते पटलं! घरात चार माळा, आणि एक माणूस बिनमाळेचा. हिशेब जागच्या जागी सुटला. महिनाभर उपाशीपोटी राबणारा माणूस चोर, कारण बाकीच्यांच्या गळ्यात मणी. मी दारात उभा होतो. माझी माळ शर्टच्या बाहेर होती. आणि हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय, पण लिहितो — मी ती आत घातली नाही. उलट बोटानं जरा पुढं ओढली.

चाचांनी कासरा खुंटीला अडकवला. हरण्याच्या पाठीवर हात फिरवला. सायकल काढली. रोजा सुटायला तासभर बाकी होता. आई रोज त्यांच्यासाठी केळी काढून ठेवायची, ती फडताळात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती केळीही मीच खाल्ली.

त्यानंतर मी अंड्याला हात लावला नाही. पश्चात्ताप वगैरे समजू नका — भीती. टोपलीवर आता अण्णांची नजर होती. मग राहिला हुलगा. पुढची सगळी वर्षं हुलगा, शेंगदाणे, दूध. आणि छाती भरली ती त्याच्यावरच. म्हणजे ती अंडी मला लागतच नव्हती. तीन आठवड्यांत काय होतं? काही होत नाही. जे लागत होतं ते चाचा रोज पातेल्यात घालून माझ्या हातात देत होते.

आता गावात हे वाचून ओरड होईल. मला माहीत आहे कशावर होईल — माळेवर! माळकऱ्याच्या पोरानं अंडं खाल्लं, अरे देवा. अण्णांकडं चार लोक जातील, माळ काढून घ्या म्हणतील. काढा. पण उस्मानचाचांचं नाव घेणारा त्यात एक तरी असेल का? तुम्हीच सांगा, इथवर वाचताना तुम्हाला पहिला धक्का कशाचा बसला?

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. सगळ्या ऋतूंतनं फिरून तो आता परत यात्रांच्या दिवसांत येऊन पोचलाय. एवढा काळ गेला. गेल्या वर्षी त्याच दिवसांत बेंचचं फाटलेलं रेक्झिन शिवून घ्यायला मी जुन्नरला गेलो. दुकान चाचांच्या पुतण्याचं. चाचा दारात खुर्चीवर बसलेले असतात, ऐंशीला टेकलेत. बाजारपेठेत त्यांना सगळे ‘अंडेवाले चाचा’ म्हणतात. का म्हणतात ते जुन्यांना ठाऊक आहे, नव्यांना नाही. मी असतानाच बदली होऊन आलेला एक बँकवाला स्कूटरवरून उतरला. त्याला कुणीतरी नाव सांगून पाठवलं असणार. म्हणाला, “चाचा, अंडी कशी डझन?”

चाचांनी त्याच्याकडं नीट बघितलं. म्हणाले, “संपली, पावणं.”

तो गेला. चाचा माझ्याकडं वळले. “अण्णा बरं हायेत ना? हुलगं चालू हाय ना तुजं?”

मी म्हणालो, “हो चाचा.” तिथं मी दुसरं काय काय म्हणू शकलो असतो! दुकानात आम्ही दोघंच होतो, पुतण्या आत मशीनवर. दोन शब्द म्हणालो, बेंचची गादी उचलली आणि निघालो. त्यांना माहीत आहे का? मी विचारलेलं नाही. एकोणिसाव्या वर्षी पोरगा होतो असं म्हणता येईल. बावन्नाव्या वर्षी काय म्हणाल?

अण्णा अजून चष्मा लावून छापलेलं सगळं वाचतात. हेही वाचतील. वाचू देत. व्यायामशाळेतली पोरं वाचतील, आणि भिंतीवरच्या ‘शुद्ध’कडं बघतील. बघू देत. हुलगा खायचं सोडू नका, एवढं त्यांना तिथंच सांगेन.

अंडी मी खाल्ली. खुराक म्हणत नाही — अंडी. उस्मानचाचांनी एकही खाल्लं नाही. रोजे असताना, ते नमाज पढत होते तेव्हा, मी खाल्ली. त्यांच्या पाठीमागं उभं राहून.