आधी माझी टिपाडं

आमच्या गल्लीत नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की पहिलं आमच्या तोटीला येतं. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, उताराच्या खालच्या अंगाला. पाण्याच्या आधी पाइपातून हवा सुटते आणि तोटी फुसफुसायला लागते. तो आवाज कानावर पडला की मी हातातलं काम टाकून ओट्यावर यायचे आणि हाक द्यायचे, "नळ आलेऽऽ!" वीस-बावीस वर्षं हे काम माझं होतं. कुणी नेमलं नव्हतं, पण कुणी काढलंही नव्हतं. हाक गेली की वरच्या टोकापर्यंत दारं उघडायची, बाया पदर खोचून बाहेर यायच्या. नवरा म्हणायचा, "आगं, भोंग्याचं बिल वाचतंय गावाचं तुझ्यामुळं." तो थट्टेनं म्हणायचा, मला मात्र आतून लई बरं वाटायचं.

पाणी सोडायची चावी आमच्या ओट्यासमोरच्याच खड्ड्यात आहे. पाणी सोडणारा आदल्या दिवशी येऊन ओट्यावर चहा घ्यायचा आणि सांगायचा, "वैनी, उद्या तुमची पाळी." मग मी ते गल्लीला सांगायचे. ही बातमी साधी नव्हे. उद्या पाणी येणार म्हटलं की संध्याकाळी सगळी गल्ली घरातलं शिळं पाणी ओतून देते. टिपाडं, म्हणजे पाण्याची मोठी पिंपं, आडवी करायची, आतलं शेवाळ घासायचं, पाण्यानं पिवळी पडलेली कड राखेनं काढायची, आणि सकाळी ताजं भरायचं. बाहेरच्या माणसाला वाटेल, पाण्याचे हाल असलेली ही माणसं असलेलं पाणी का ओततात? पण शिळ्यावर ताजं भरायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पुढचे दहा दिवस त्यातच काढायचे असतात ना. तर माझ्या एका शब्दावर पंधरा-सोळा घरं कोरडी व्हायची, एवढा भरवसा होता.

मग ती आली. मधल्या घरात भाड्यानं राहायला आलेली, पस्तिशीची, शिरूर कासारकडची. आईबाप दर साली ऊस तोडायला जायचे, ही आजीपाशी राहून शिकली, आता घरी ब्लाउज शिवते. हात चांगला आहे. हे मला पहिल्यांदा लिहून टाकू दे, कारण पुढं मी तिचं काही चांगलं लिहीन असा मला भरवसा नाही.

शिवायला म्हणून गल्लीतल्या बाया तिच्याकडं जायला लागल्या आणि मशिनीपाशी बसून बोलायला लागल्या. कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार, कुणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन ठरलं, हे पूर्वी पहिलं माझ्या ओट्यावर यायचं. आता माझ्या ओट्यावर यायचं ते शिळं होऊन. सहा महिन्यांत तिनं गल्लीचा मोबाइलवरचा ग्रुप काढला. पाणी सोडणाऱ्याचा नंबर मिळवला. त्या बाबाला तरी काय, फोन केला की काम झालं, चहाला थांबायची गरज नाही. माझी तोटी फुसफुसायच्या आधी सोळा घरांतले फोन वाजायला लागले. मी ओट्यावर येऊन तोंड उघडावं तर वरची बाई तोटीखाली घागर लावून उभी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "बीळ कुणाचं? नळ गावाचा हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तेवढ्यावर ती थांबली असती तर मी कदाचित गिळलं असतं. पण गल्लीच्या मधोमध हापसा आहे, चार वर्षं कोरडा. तिच्या मनात आलं की गच्च्यांवरचं पावसाचं पाणी पाइपानं आणून हापशापाशी खड्ड्यात मुरवायचं. दर रविवारी सकाळी घरटी एक माणूस, एक टोपलं. जी माणसं नालीतला दगड उचलायला एकमेकांकडं बोट दाखवायची, ती हिच्या एका मेसेजवर फावडी घेऊन उतरली. मी गेले. न जाऊन चाललं नसतं, गल्लीनं नावं ठेवली असती. चार टोपली माती टाकली आणि कंबर दुखती म्हणून घरी येऊन पडले. कंबर बिंबर काही दुखत नव्हती.

पावसाळ्यात हापशाला गढूळ का होईना, पाणी लागलं. सगळे तिच्या पाया पडायचे तेवढे बाकी होते. मी म्हणाले, "असलं पाणी म्हैसबी तोंडाला लावायची न्हाई." कुणी ऐकलं नाही. उन्हाळा लागला तसा हापसा पुन्हा आटला. तेव्हा मला बरं वाटलं. असं वाटणं चांगलं नव्हे, माहीत आहे. पण वाटलं.

त्याच उन्हाळ्यात, चैत्रात, ती गोष्ट घडली. दुपारी ग्रुपवर तिचा मेसेज आला, उद्या सकाळी सहाला पाणी. चारच्या सुमाराला मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात पाणी सोडणारा गाडीवर आला. गाडी बंदही न करता म्हणाला, "वैनी, तलावाकडची मोठी लाइन फुटलीय. उद्याचं पाणी न्हाई. तीन-चार दिवस तरी धरून चला. तिला दोनदा फोन लावला, मशिनीच्या आवाजात ऐकू येत नसंल. तुमी सांगा गल्लीत." आणि गेला.

सूप मांडीवर घेऊन मी तशीच बसले. उठून एक हाक दिली असती तर काम झालं असतं. आवाज काही कुठं गेला नव्हता. पण वाटलं, बघू दे की गल्लीला, हिच्या शब्दाची किंमत काय ती. पडू दे तोंडावर एकदा. मी तांदूळ निवडत राहिले. दोनदा निवडले.

पाच वाजल्यापासून वरून टिपाडं गडगडायचा आवाज यायला लागला. गल्ली उतरती, त्यामुळं सगळ्यांचं ओतलेलं पाणी नालीनं माझ्याच ओट्यापुढून वाहत गेलं. एक घर झालं, दुसरं झालं. वरच्या टोकाच्या घरात बाळंतीण होती, बारा दिवसांचं लेकरू. तिची सासू माझ्याच वयाची. ती राख न्यायला खाली आली आणि जाता जाता म्हणाली, "ताई, तुमी वतली का टिपाडं?"

"वतते की सावकाश," मी म्हणाले.

त्या वेळीसुद्धा सांगता आलं असतं. तिचं एक टिपाड भरलेलं होतं अजून. मी सूप उचलून आत गेले.

सकाळी सहा वाजले, सात वाजले. तोटी गप्प. आठला बाया रिकाम्या घागरी घेऊन गल्लीत जमल्या. "हिच्या भरवशावर वतलं बघा समदं." "मोबाइलचं पाणी मोबाइलात." "टँकरवाल्याला फोन लावला तर म्हणतो, उद्या दुपारपर्यंत नंबर न्हाई, सगळ्या गावाची बोंब हाय." मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला ते गोड लागत होतं, कशाला लपवू.

तेवढ्यात वरून बाळंतिणीची सासू कळशी घेऊन आली. "ताई, लेकराला न्हाऊ घालायचंय. घरात थेंब न्हाई. दुपटी तशीच पडलीत. तुमच्याकडं तळाला काही उरलंय का?" असं म्हणत तिनं माझ्या ओट्यावरच्या टिपाडावरचं झाकण उचललं. काठोकाठ भरलेलं. दुसरं उचललं, तेही भरलेलं. चारही तशीच.

"अगं बया, तुमी वतलीच न्हाईत?"

"कंटाळा केला," मी म्हणाले.

"बरं झालं माय, तुमी कंटाळा केला ते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिच्याकडं बघवेना, म्हणून मी घाईघाईनं तिची कळशी भरायला घेतली.

मग रांगच लागली. दोन दोन घागरी मी प्रत्येकीला मोजून दिल्या. बाया म्हणायला लागल्या, देवासारखी हाय, जुनं माणूस ते जुनं माणूस. हेच शब्द ऐकायला मी वर्षभर तरसले होते. आता ऐकत होते आणि प्रत्येक घागरीला हात जड होत होता.

सगळ्यांत शेवटी ती आली. हातात लहान कळशी. रात्रभर झोपली नसावी असं तोंड. माझ्याजवळ वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, त्याचा फोन लागला आत्ता. काल चार वाजता तुमच्या ओट्यावर आलता म्हणं."

माझ्या हातातला तांब्या टिपाडातच राहिला. मागं पाच-सहा बाया उभ्या होत्या. तिनं नुसता आवाज चढवला असता तरी माझी वीस वर्षं त्या नालीतून वाहून गेली असती. मी वाट बघत होते. तोंडात उत्तरही तयार होतं, मी विसरले, वय झालं आता.

ती बायांकडं वळली. "चूक माझी हाय. पुन्हा इचारल्याबिगर मी तुमाला वतू दिलं. काकूंकडं होतं म्हणून आज भागलं." कळशी अर्धीच भरू दिली आणि चढ चढून गेली.

संध्याकाळी ग्रुपवर तिचा मेसेज आला. यापुढं कुणीही माझ्या सांगण्यावर टिपाडं वतायची नाहीत. आधी काकूंची टिपाडं बघा. त्यांनी वतली, तरच आपण वतायची.

माझ्या माहेरच्या लिंबागणेशच्या गणपतीची शपथ घेऊन सांगते, त्या रात्री मला तिचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. भांडली असती तर मी पुरून उरले असते. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ती भांडलीच नाही. एवढं मोठं मन ह्या ऊसतोड्याच्या पोरीला कुणी दिलं, आणि मला का नाही दिलं, याचाच जळफळाट.

त्याला आता वर्ष उलटलं. गल्लीत तोच नियम झाला आहे. पाणी येणार असलं की संध्याकाळी बाया आपापल्या दारात उभ्या राहून खाली माझ्या ओट्याकडं बघतात. मी आधी पाणी सोडणाऱ्याला फोन लावते, एकदा नाही, दोनदा. मग एकेक टिपाड आडवं करते. नवरा म्हणतो, "बघ, मान परत मिळाला की न्हाई तुला?" मी हो म्हणते. त्याला काय सांगणार?

ती पण मशीन बंद करून दारात येते. तिनं ते चार वाजताचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता गल्लीला खोटं सांगायचं तर आधी मला माझंच घर कोरडं करावं लागतं, हे तिला माहीत आहे आणि मला. चौथं टिपाड रिकामं होईपर्यंत ती दारातून हलत नाही. मग ती आत जाते, आणि वरच्या घरांतून टिपाडं गडगडायला लागतात.