लॅपटॉप आणायला सांगलीला

आमच्या गल्लीतली माणसं हल्ली युरोपला जातात आणि परत आली की महिनाभर बर्फाचे फोटो दाखवत फिरतात. मी सांगलीला जाऊन आले. फोटो चारच आहेत आणि त्यातल्या तिनात माझा अंगठा आलाय. तरी सांगण्यासारखं माझ्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त आहे, म्हणून लिहायला बसले.

कारण साधं होतं. वाईत पंचवीस वर्षं मी टायपिंगचा क्लास चालवला. तो बंद पडला आणि एक्कावन्नाव्या वर्षी मला नवं काम मिळालं. आटपाडी तालुक्यात गावोगावी फिरायचं, बायकांच्या बचत गटांशी बोलायचं आणि त्याच दिवशी तिथूनच अहवाल लिहून पुण्याला पाठवायचा. सोमवारपासून सुरुवात. अट एकच: लॅपटॉप स्वतःचा हवा.

आता ‘स्वतःचा’ या शब्दाशी माझी फारशी ओळख नाही. लग्नातला शालू सासूबाईंनी पसंत केला. फ्रीज यांनी. (आमचे हे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण घरात अजून ड्यूटीवर आहेत.) स्कूटी मुलानं आणली. चष्म्याची फ्रेमसुद्धा दुकानदारानं ‘ताई, तुम्हाला हीच शोभते’ म्हणत गळ्यात मारली. या वेळी मात्र मी मनाशी पक्कं केलं होतं, ही एक वस्तू मी निवडणार. महिनाभर वाचलं, चार जणींना विचारलं आणि वहीत चार ओळी लिहिल्या: वजनाला हलका. उन्हात पडदा दिसला पाहिजे. एकदा चार्ज केला की दिवसभर चालला पाहिजे. बटणं बोटांना कळली पाहिजेत.

यांनी वही वाचली. “ठीक है,” म्हणाले. “पण दुकान ओळखीचं पाहिजे.”

इथंच माझा प्रवास साताऱ्याऐवजी सांगलीपर्यंत लांबला. आमच्या घरात अनोळखी दुकानातून टाचणी घेता येते, त्याहून मोठी वस्तू नाही. साताऱ्यात लॅपटॉपची दुकानं ढीगभर, पण ओळखीचं एकही नाही. सांगलीत माझी नणंद शैलावन्सं राहतात. त्यांच्या यजमानांचा कुपवाडला लेथचा छोटा कारखाना आहे आणि त्यांच्या ओळखीचं दुकान आहे. ठरलं तर मग. हेही येणार होते, पण ऐन वेळी गुडघा धरला. शुक्रवारी सकाळी एकटीच बसमध्ये चढताना त्या गुडघ्याबद्दल मला काय वाटलं, ते इथं लिहिणं बरं दिसणार नाही.

साताऱ्याच्या स्टँडवर भाचा प्रथमेश भेटायला आला. तो घरी बसून बंगलोरची नोकरी करतो. कंदी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवून त्यानं वही काढून घेतली आणि वाचून हसायला लागला.

“मावशी, असल्यावर साधी गेमसुद्धा चालणार नाही.”

“मी बचत गटात गेम खेळायला चाललेय का रे?”

“भविष्याचा विचार कर गं थोडा,” असं म्हणून त्यानं माझ्या चार ओळींखाली बॉलपेननं एका लॅपटॉपचं नाव लिहिलं आणि त्याला दोन वेळा चौकोन केला. तो लॅपटॉप त्याच्याकडे आहे. मी एकदा उचलून बघितला होता. चार्जरसकट तो घेऊन गावोगाव फिरायचं म्हणजे मला आधी तालमीत जावं लागेल.

सांगलीच्या गाडीत खिडकी मिळाली. कंडक्टरनं तिकीट देताना सहज विचारलं, “पाव्हण्यांकडं का?”

“नाही, लॅपटॉप घ्यायला.”

तो थांबला. “आवं ताई, साताऱ्यात मिळत न्हाईत व्हय?”

“मिळतात. ओळखीचं दुकान नाही.”

“मग बरोबर हाय,” म्हणाला आणि पुढे गेला. त्याला लगेच पटलं, याचाच मला जास्त राग आला.

कराडच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. रस्त्यावरही ऊसच होता. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर आमच्या पुढं मोठ्यानं गाणी वाजवत चालला होता आणि त्याला ओलांडायची ड्रायव्हरची काही इच्छा दिसत नव्हती. पाऊण तास एकच प्लेलिस्ट ऐकली. मग ड्रायव्हरनं एकदम मनावर घेतलं, गाडी झोकात बाहेर काढली, परत आत घेतली, आणि माझ्या पर्समधली पाण्याची बाटली उलटली. टोपण नीट लागलेलं नव्हतं. पेढे वाचले. वही भिजली. मी शाईच्या पेननं लिहिते, ही माझी जुनी खोड. माझ्या चारही ओळी निळं पाणी होऊन गेल्या. प्रथमेशचं बॉलपेनमधलं नाव चौकोनासकट जसंच्या तसं राहिलं.

शैलावन्संच्या घरी पोचले तर पितळी भरून भडंग पुढं आलं. वर कच्चा कांदा, शेजारी तळलेली मिरची. सांगलीत पाहुण्याला आधी भडंग देतात, ख्यालीखुशाली नंतर. दोन घास खाल्ले आणि वन्सं म्हणाल्या, “उद्या सकाळी मामा येतायत आटपाडीहून. दादाचा फोन आला होता. म्हणाला, मामांनी बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.”

मामा म्हणजे माझे मामेसासरे (नवऱ्याचे मामा). वय चौऱ्याहत्तर. जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं दलाली केलेला माणूस. बैलाच्या तोंडात बोट घालून वय सांगणारे. आमच्या घराण्यात मोटरसायकल असो, पंप असो की जावई, मामांची नजर पडल्याशिवाय काही आत येत नाही. पण लॅपटॉप? आणि गुडघा धरून बसलेल्या माणसानं वाईतून ही सगळी व्यवस्था लावली होती! मला इतका संताप आला की मी ती मिरची अख्खी खाल्ली आणि तिखटाचं निमित्त करून डोळे पुसून घेतले.

“वैनी, तिखाट लागली का?” वन्संचे यजमान, म्हणजे भाऊजी, काळजीनं म्हणाले. “पानी प्या. आन उद्या काय बी काळजी करू नका. आमी हाय न्हवं.”

तीच तर काळजी होती.

शनिवारी सकाळी मामा पहिल्या गाडीनं आले. पांढरी टोपी, खांद्यावर मोठा चौकड्याचा रुमाल, हातात डाळिंबांची पिशवी. मी पदर सावरून लांबूनच पाया पडले. “सूनबाई, काम लागलं म्हनं. चांगलं झालं,” एवढंच म्हणाले. खरं सांगायचं तर, नव्या कामाबद्दल ‘चांगलं झालं’ म्हणणारे घरातले ते पहिलेच.

दुकानात आम्ही चौघं शिरलो आणि पाचवे हे, फोनवर व्हिडिओ कॉल करून. वन्संनी फोन पेनस्टँडला टेकवून उभा केला, तिथून यांना फक्त छतावरचा पंखा आणि भाऊजींची हनुवटी दिसत होती. तेवढ्यावर त्यांनी सूचना सुरू केल्या.

दुकानदारानं तीन लॅपटॉप काढले. पहिला प्रथमेशच्या चौकोनातला. दुसरा भाऊजींना आवडला, कारण त्याचा पत्रा जाड होता. त्यांनी झाकण दहा वेळा उघडलं-मिटलं, बिजागरीला कान लावला आणि म्हणाले, “मिजागरीत दम हाय.” तिसरा यांनी फोनवरून पसंत केला. कुठल्या बाजूनं बघितला देव जाणे, पण “जवान दिसतोय, फायनल करा,” म्हणाले. वन्संना बॅग कुठली फुकट मिळते यात रस होता.

मी खालच्या फळीवरचा चौथा मागितला. करड्या रंगाचा, साधा. उचलला, हलका होता. दोन ओळी टाइप केल्या, प्रत्येक बटण बोटाखाली दबून वर येत होतं. दाराशी नेऊन उन्हात धरला, अक्षरं स्वच्छ दिसली. माझा जीव तिथंच बसला. हाच.

“ताई, तो अगदी साधा आहे हो,” दुकानदार म्हणाला. “कॉलेजच्या पोरांना देतो आम्ही तो.”

“वैनी, त्येचा पत्रा न्हाई, पुठ्ठा हाय त्यो,” भाऊजी म्हणाले.

“कोण कुठला दाखवतंय? मला दिसत नाही,” फोन ओरडला.

मी तो परत काउंटरवर ठेवला. ठेवला खरा, पण हात त्याच्यावरच राहिला. दोन वेळा मी “मला वाटतं...” अशी सुरुवात केली आणि दोन्ही वेळा कुणीतरी मधेच बिजागरीवर बोलायला लागलं. सोमवारी गावात उभी राहून मी काम करणार, आणि हे दुसऱ्याच्या पसंतीचं धूड पाठीवर घेऊन! एवढं साधं वाक्यसुद्धा मला तिथं बोलता येईना. मला स्वतःचीच लाज वाटली.

मामा तोवर स्टुलावर बसूनच होते. ते उठले आणि दुकानदाराला विचारू लागले.

“दिसभर चालतो का मधीच बसतो?”

“उनात नेला तर दमतो का?”

“वज्याला कसा? बाईमानसाला पेलंल का?”

“बोट लावलं की हालतो, का मारावं लागतं?”

दुकानदार गोंधळला, भाऊजी हसू लपवत होते. मला हसू आलं नाही. बसमध्ये धुऊन गेलेल्या माझ्या चारही ओळी मामा एकेक करून विचारत होते.

मग त्यांनी चारही लॅपटॉप ओळीनं लावायला सांगितले आणि खांद्यावरचा रुमाल काढला. जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दलाल रुमालाखाली हात घालतो, समोरच्याची बोटं दाबतो आणि आकडा त्या दोघांनाच कळतो. भोवतीच्या गर्दीला नुसता हलणारा रुमाल दिसतो.

“आदी घेनाराचा आकडा कळाय पायजे,” मामा म्हणाले. “घेनार कोन हाय?”

भाऊजींनी फोनकडे बोट केलं. “दादा हाय की.”

“फोनला हात हाय व्हय रं?” मामा म्हणाले. “हात हाय त्येनं म्होरं या.”

मी पुढं झाले. मामेसासऱ्यांच्या सावलीलाही न शिवण्याच्या रीतीत मी तीस वर्षं काढलेली. त्यांनी माझ्या हातावर रुमाल टाकला आणि खाली माझं पहिलं बोट दाबलं. दाबताना त्यांची नजर पहिल्या लॅपटॉपवर होती. मला काही कळेना. दुसरं बोट दाबलं, नजर दुसऱ्यावर. तिसरं, तिसऱ्यावर. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. ते पैसे विचारत नव्हतेच. करंगळीशी पोचले तेव्हा मी त्यांचं बोट इतक्या जोरानं आवळलं की म्हातारा बिचारा कळवळला असेल. चेहऱ्यावर मात्र काही दिसू दिलं नाही.

“हां,” म्हणून त्यांनी रुमाल झटकला. मग चौथ्यापाशी जाऊन पाठीवरून हात फिरवला, उलटा केला, वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ह्यो घ्या. बाकीची निसती अंगानं भरल्यात. चालनारं जनावर ह्ये हाय.”

“मामा म्हणतायत म्हणजे प्रश्नच नाही,” वन्सं म्हणाल्या.

“मी मघाच वळखलं होतं, त्यात कायतरी हाय,” भाऊजी म्हणाले.

“मामांची पारख म्हणजे पारख. फायनल!” फोन म्हणाला.

दुपारी स्टँडवर मामांच्या आटपाडीच्या गाडीची वाट बघत आम्ही दोघंच बसलो होतो. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. मला आनंद झाला होता आणि रागही येत होता. शेवटी विचारलंच, “मामा, सगळ्यांसमोर सरळ का नाही सांगितलंत, सूनबाईला हा हवाय म्हणून?”

“म्हनलो असतो तर ह्यांनी तुला आजून चार दुकानं फिरवली असती.”

मग आपणहून बोलू लागले. “चाळीस वर्सं दलाली केली. गडी बैल घ्याय यायचा, त्येची बायकू मागं झाडाखाली बसायची. वैरन कोन घालनार? ती. कुठला बैल पायजे त्ये तिच्या तोंडावर दिसायचं मला. पर बाईचा हात कवा रुमालाखाली घेतला न्हाई. रीत न्हवती.”

“मग आज?”

“आज फोनला हात न्हवता,” म्हणाले आणि गाडी लागली म्हणून उठले. डाळिंबांची पिशवी माझ्याकडेच विसरले. मी धावत जाऊन खिडकीतून देऊ लागले, तर घेईनात. म्हणाले, “तुलाच आनल्यात.”

परतीचा ऊस मला जातानाच्या उसापेक्षा बरा वाटला. सोमवारी पहिला अहवाल आटपाडीच्या एका गावात, कडुलिंबाखाली बसून लिहिला. उन्हात अक्षरं दिसली. संध्याकाळपर्यंत चार्जिंग पुरलं.

घरी मात्र अजून हे येणाऱ्या-जाणाऱ्याला लॅपटॉप दाखवतात आणि सांगतात, “आमच्या मामांनी निवडलाय.” मी आतून चहा आणते. सुरुवातीला जिभेवर यायचं, की नाही हो, मी निवडलाय. मग गिळायचे. वस्तू माझ्या पसंतीची आली, ती निवडल्याचं नाव मात्र दुसऱ्याचं झालं. निम्मी जिंकले म्हणायचं की निम्मी हरले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा शेजारची कमल आली. तिला शिलाई मशीन घ्यायचंय. शिवणार ती, पण बघायला नवरा, दीर आणि दिराचा मेहुणा असे तिघं जाणार आहेत. मशीन कसलं हवंय ते तिला पक्कं ठाऊक आहे, मला नावासकट सांगितलं तिनं.

“वहिनी, तुमच्या मामांना विचाराल का?” ती म्हणाली. “त्यांनी सांगितलं तर आमचे ऐकतील.”

“मामा कशाला?” मी म्हटलं. “माझ्याकडे लॅपटॉप आहे, म्हणजे मलाही यंत्रातलं कळतं असं तुझ्या नवऱ्याला सांग. मी येते.”

ती गेल्यावर कपाट उघडलं, यांचा एक मोठा चौकड्याचा रुमाल काढला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.