अकराच्या तारा

मी इलेक्ट्रिक गिटार शिकायला लागले तेव्हा मला चोपन्नावे वर्ष लागले होते, आणि ही गोष्ट लोणावळ्यात कोणाला कळू नये अशी माझी मनापासून इच्छा होती. कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. बँकेत, औषधांच्या दुकानात, तिकिटाच्या खिडकीमागे, या गावात कुठे ना कुठे माझा विद्यार्थी बसलेला असतोच. गिटारची पिशवी पाठीला लावून बाजारातून जाण्याची माझी छाती नव्हती. त्यामुळे मला शिकवणारे गृहस्थच दर गुरुवारी दुपारी मोटरसायकलवरून माझ्या घरी येत.

ते कामशेतजवळच्या बेडशाचे. एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करून निवृत्त झालेले. गावातल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत ते गिटार वाजवत. माझ्या एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला ही पार्टी आली होती. तिथे मी त्यांना प्रथम ऐकले, आणि त्यांना फोन करायला मला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटले. ते हसले.

"सर तुमी. मी प्रेसवरचा माणूस. भाऊ म्हना."

तेव्हापासून ते भाऊ आणि मी मॅडम.

भाऊंच्या डाव्या हाताच्या अनामिकेचे शेवटचे पेर नव्हते. प्रेसखाली गेले होते. पहिल्याच तासाला माझे लक्ष तिकडे गेले, माझे लक्ष गेल्याचे त्यांच्याही ध्यानात आले, आणि मी त्या क्षणी ठरवले की यापुढे त्या हाताकडे पाहायचे नाही. दुसऱ्याच्या व्यंगाकडे पाहू नये, असे माझ्या घरी मला शिकवले होते. गिटार शिकणारी व्यक्ती शिकवणाऱ्याच्या डाव्या हाताकडेच पाहत नाही, यातली विसंगती मला तेव्हा जाणवली नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाही, गिटारच्या दांडीवरच्या पडद्यांचे ते सांगतील ते आकडे वहीत लिहून घेई, आणि ते गेल्यावर त्या आकड्यांवर बोटे बसवी.

जूनमध्ये तारांचा प्रश्न आला. आमच्या हवेत पावसाळ्यात कपाटातले कपडेही ओलसर होतात. गिटारच्या तारा पंधरा दिवसांत गंजतात. नव्या घ्यायच्या तर कोणत्या जाडीच्या, हे ठरवणे भाग होते. तारांचा संच त्यातल्या सर्वांत बारीक तारेवरून ओळखतात. ती तार इंचाच्या हजाराव्या भागाच्या नऊपट जाड असेल, तर तो नऊचा संच. मग दहाचा, अकराचा. नऊहून बारीक, आठचाही मिळतो.

मी परीक्षेला बसल्यासारखी तयारी केली. जे सापडले ते वाचले, प्रत्येक संचातल्या प्रत्येक तारेचा ताण काढला, तक्ता केला. तारेची लांबी आणि स्वर तोच ठेवला तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आले होते. जाड तारांचा आवाज भरदार असतो आणि बारीक तारा बोटांना सोप्या जातात, असे बहुतेकांचे म्हणणे दिसले. 'सोप्या' हा शब्द वाचूनच माझा निर्णय झाला असावा. जे सोपे ते कमी प्रतीचे, ही माझी जुनी शिक्षकी खोड. मी अकराचे संच मागवले.

तार पडद्यावर दाबून आडवी ढकलली की स्वर वर चढतो, गळ्यातून चढावा तसा. गिटारची सगळी आर्तता त्या ढकलण्यात आहे. अकराच्या तारेवर माझा स्वर अर्ध्या वाटेत अडे आणि बोटांच्या टोकांना फोड येत. भाऊंनी दोन-तीन गुरुवार पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, ह्या तारा तुमच्या हाताच्या न्हाईत. बारीक लावा."

"होईल सवय," मी म्हटले.

"हाताला भांडायला कशापायी लावायचं? बारीक लावल्या तर कोन काय म्हनतंय? त्यात लाज कसली?"

कच्च्या विद्यार्थ्याला उदार शिक्षक सवलत देतो तशी ती सवलत आहे, असे मी समजले. ते स्वतःबद्दल बोलत होते हे माझ्या लक्षात आले नाही.

जुलैत त्यांनी आपली गिटार माझ्याकडे ठेवली. पावसात ती दर वेळी मोटरसायकलवरून आणणे जोखमीचे होते, आणि वर्षावासाच्या, म्हणजे आषाढ ते आश्विन पौर्णिमेच्या, तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन चाले. पार्टीचे बाहेरचे कार्यक्रम नसत. गुरुवारी माझा तास झाला की ते आपली गिटार काढत आणि एकच चाल घोळून घोळून वाजवत. ती त्यांच्या आईची ओवी होती. आईला ती तिच्या आईकडून, जात्यावर बसून मिळालेली. वर्षावासाची सांगता आश्विन पौर्णिमेला होणार होती. त्या कार्यक्रमात पार्टीने त्यांना प्रथमच एकट्याने वाजवायला पाच मिनिटे दिली होती. बोट गेल्यानंतर आईने त्यांना दुसऱ्यांच्या गाण्याला साथ करतानाच ऐकले होते. "म्हातारी ऐंशीच्या पुढं गेली," ते म्हणाले. "एकदा तिची तिला ऐकवायची हाय."

ते वाजवत असताना मी चहा करायला स्वयंपाकघरात जात असे. हाताकडे पाहावे लागू नये, हे त्याचे खरे कारण. भिंतीपलीकडून मला ती चाल अनेकदा संपूर्ण ऐकू आली. शेवटाकडे एका जागी स्वर चढत जाई, टोकाला क्षणभर थरथरे आणि मग हात सुटल्यासारखा खाली येई. त्या जागी मी प्रत्येक वेळी चमचा हलवायची थांबत असे.

कार्यक्रमाआधीच्या गुरुवारी ते म्हणाले, "तारा लय गंजल्या. बदलाया पायजेत." गिटार न्यायला ते शनिवारी येणार होते. मी धीर करून म्हटले, "मीच घेऊन येते रविवारी. मला कार्यक्रम ऐकायचाच आहे."

"याल?" ते इतके खूश झाले की मलाच संकोच वाटला. "या मग. आईला सांगतो."

आमच्या घरात दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत. वाटीभर साखर तरी घालतात. तीन महिने माझ्याकडे राहिलेली गिटार तशीच गंजलेल्या तारांसह परत करणे मला प्रशस्त वाटेना. अकराचा एक संच माझ्याकडे शिल्लक होता. शनिवारी सकाळी मी त्यांच्या तारा उतरवल्या. उतरवताना त्या किती बारीक आहेत हे मला दिसले. तारेची जाडी मोजण्याचा स्क्रू गेज टेबलाच्या खणात होता. आयुष्यभर मुलांकडून मी दुसरे काय करून घेतले? पण मी मोजले नाही. मला वाटले, जवळच्या दुकानात मिळाल्या त्या घेतल्या असतील; बिचाऱ्यांना कोणी सांगितले नसेल. हा 'बिचाऱ्यांना' शब्द लिहिताना गाळावासा वाटला. गाळत नाही. बारीक काय, जाड काय, दोन्ही संचांची किंमत सारखीच असते, हेही मला ठाऊक होते.

जाड तारा दांडीच्या टोकाशी असलेल्या जुन्या खाचांत बसेनात, म्हणून मी त्या खाचा बारीक कानशीने रुंद केल्या. ताण वाढल्याने, तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज वर उचलला गेला, तेव्हा गिटारच्या पाठीमागचे स्प्रिंग आवळून तो खाली आणला. सगळे पुस्तकाप्रमाणे. दुपारी दोनपर्यंत मी त्यात रमले होते. एकदा वाजवूनही पाहिले. आवाज खरोखर भरदार होता.

रविवारी मी प्रथमच गिटार पाठीला लावून बाजारातून चालत स्टेशनवर गेले. कामशेतला उतरले आणि रिक्षाने बेडशाला पोहोचले. विहारापुढच्या मांडवात माणसे जमली होती. पुढच्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन, पांढऱ्या लुगड्यात भाऊंची आई बसली होती. कार्यक्रम सुरू व्हायला पंधरा मिनिटे होती. भाऊंनी पिशवी उघडली.

"आँ! तारा बदलल्या?"

"हो. नव्या, चांगल्या आहेत."

त्यांनी अंगठ्याने एक तार दाबून पाहिली. मग दुसरी. त्यानंतर त्यांनी पिशवीचा बाहेरचा खण उघडला आणि एक पाकीट काढले. त्यांनी स्वतः आणून ठेवलेला नवा संच. माझ्याच घरात, मी न उघडलेल्या खणात, तो पडून होता. पाकिटावर आठचा आकडा होता. त्यांनी गिटार उलटी करून आवळलेले स्प्रिंग पाहिले, रुंद केलेल्या खाचा पाहिल्या, आणि पाकीट पुन्हा खणात ठेवले. बारीक तारांसाठी हे सगळे पुन्हा जागेवर आणणे पंधरा मिनिटांत होणारे नव्हते.

"लय केलंत मॅडम," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बोलता आले असते.

ते स्वर जुळवू लागले. नव्या तारा जुळवल्या की पुन्हा उतरत. ढोलकीवाला मांडी घालून वाट पाहत होता.

"गिटार लावतुयास का बाज आवळतुयास?" तो ओरडला. मांडवात हशा पिकला.

"गप रं. नव्या तारा हायेत, बसंस्तवर येळ लागतुया."

त्या दिवशी मी प्रथमच भाऊंच्या डाव्या हाताकडे सरळ पाहिले. बाकीच्या बोटांमागे ते अर्धे बोट ते आधाराला लावत आणि तीन बोटे मिळून तार ढकलत. मी न मोजलेला हिशेब मला आता करता येत होता. आठवरून अकरावर गेले की ताण जवळजवळ दुप्पट होतो. सुरुवात नीट झाली. चाल त्या जागी आली, त्यांनी तार ढकलली, आणि स्वर अर्ध्यावर थांबला. ते मागे आले, पुन्हा गेले. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्यांनी ती जागा सोडून दिली आणि सरळ खालच्या स्वरावर येऊन थांबले.

"झालं व्हय?" आईने शेजारणीला विचारले.

"झालं वाटतं," शेजारीण म्हणाली, आणि टाळ्या वाजल्या.

जेवणाच्या पंगतीत भाऊंनी मला शेजारी बसवले आणि वाढणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, "मॅडमनी तारा घातल्या, सोताच्या हातानं." ढोलकीवाला म्हणाला, "मंग वाजवलं का न्हाई धड?" भाऊ म्हणाले, "सराव कमी पडला." मी मान खाली घालून जेवत होते. क्षमा मागायची तर ती त्याच वेळी, त्याच पंगतीत मागायला हवी होती. मी भाऊंना म्हटले, "भाजी छान झाली आहे."

घरी येऊन त्यांच्या जुन्या तारा कागदातून सोडवल्या आणि स्क्रू गेजने मोजल्या. आठ.

पुढच्या गुरुवारी ते नेहमीप्रमाणे आले. पाऊस सरल्यामुळे गिटार आता त्यांच्याकडेच राहत होती. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे माझ्या गिटारला नऊच्या तारा लावल्या होत्या. "आता कसं!" ते म्हणाले. मी एकदा विचारायचा प्रयत्न केला, "आईंची ती चाल..."

"ते झालं की मॅडम. वाजवली." आणि त्यांनी माझी वही पुढे ओढली.

मार्गशीर्षात एका सकाळी मी ठरवून बेडशाला गेले. काय बोलायचे ती वाक्ये मी रिक्षात मनाशी तयार केली होती. भाऊ भात झोडायला शेतावर गेले होते. आई अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिने मला चटई दिली.

"तुमच्याकडंच बसून वाजवायचा म्हनं त्यो. कसं व्हतं वो?"

"छान होते."

"छान म्हंजी कसं? मला त्या दिशी काय उमजलं न्हाई. मधीच तुटल्यागत झालं. माजी आई तितं आवाज वर न्यायची आन मंग सोडून द्यायची. तसं करतो का?"

"हो. अगदी तसेच."

"लय वर?"

"पुष्कळ वर."

"मंग त्या दिशी का न्हाई केलं?"

"तारा नव्या होत्या," मी म्हटले. तयार केलेल्या वाक्यांपैकी हे एकही नव्हते.

तिने दोन-तीन शेंगा सोलल्या. "म्हनून दावा की जरा. हितं कोन हाय ऐकायला?"

ती चाल मला येत होती. इतके गुरुवार ऐकलेली. त्या जागेचे सहा-सात स्वर झोपेतही आले असते. तिच्या मुलाच्या हातून ते संपूर्ण ऐकलेली मी एकटीच होते. अंगणात आम्ही दोघींशिवाय कोणी नव्हते.

"मला गाता येत नाही," मी म्हटले.

"अगं बया, एवढी कालिजात शिकवनारी आन लाजती," ती हसून म्हणाली, आणि सूप माझ्याकडे सरकवले. मी तासभर तिच्याबरोबर शेंगा सोलल्या आणि भाऊ यायच्या आत निघाले.