बारीक चिमूट

डावा तळहात ताटलीसारखा उघडायचा, त्यावर तंबाखू, तंबाखूवर नखाएवढा चुना, आणि मग उजव्या हाताचा अंगठा फिरायला लागायचा. फिरायचा म्हणजे किती फिरायचा. आम्ही आठ जण भोवती उभे आणि हा आपला मळतोय. मळून झालं की दोनदा थाप मारायचा, धूळ उडून जायची आणि चिमूट पुढे यायची. "घे. दम खा." एवढंच बोलायचा. 'तंबाखू खा' असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. तुम्ही असता तर तुमच्याही आलं नसतं.

हा माणूस साखर कारखान्यात बॉयलरवर माझ्याबरोबर होता. एक नाही दोन नाही, सव्वीस सीझन. नाव सांगणार नाही, त्याला कारण आहे, ते पुढे येईल. मी बेलापूरच्या बाजूचा, तो कोल्हारकडचा. मी तिसरी शिकलेला, तो तेवढंही नाही. म्हणून कुठे काही वाचायचं असलं तर ते माझ्याकडे आणि मळायचं काम त्याच्याकडे, अशी वाटणी न बोलता झाली होती.

बॉयलरवर आमचं काम राख ओढायचं. ऊस पिळून राहिलेलं चिपाड तिथे रात्रंदिवस जळतं. त्याची राख लांब दांड्याच्या लोखंडी दाताळ्याने बाहेर ओढायची. दार उघडलं की जाळ तोंडावर यायचा. आमच्यातल्या कुणालाच धड भुवया नव्हत्या. जेवणाची सुट्टी सोडली तर टेकायची सोय नाही. पाणी प्यायला जरा जास्त वेळ लागला तरी सुपरवायझर घड्याळ बघायचा.

पण तंबाखू मळणाऱ्याला कोणी हटकत नसे. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. मोठा साहेब आला तरी हातावर तंबाखू दिसली की न बोलता पुढे जायचा, एखादा तर स्वतःच हात पुढे करायचा. म्हणजे आमची विश्रांती त्या तळहाताएवढी होती. न खाणाऱ्याला तीही नव्हती. आमच्यात एक जण होता, त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पूजा. त्याला आम्ही गुरव म्हणायचो. तो नवीन आला तेव्हा खात नव्हता. आम्ही उभे राहायचो आणि तो एकटा राख ओढत राहायचा. दोन महिने ओढली. तिसऱ्या महिन्यात त्यानेही हात पुढे केला.

आता चिमटीविषयी सांगतो. एवढा वेळ मळून हा द्यायचा किती, तर मुंगीने उचलून न्यावी एवढी. सगळ्यांची त्याच्याविषयी तीच तक्रार.

"आरं, ही चिमूट हाय का नजर काढायची मव्हरी?"

"पुरं हुती."

"तुझ्या सासऱ्याचं काय जातंय रं?"

"हाय त्यात भागव."

गुरव म्हणायचा, "शिंगणापूरला घराला दारं न्हाईत म्हंत्यात, आन ह्याच्या चिमटीला कुलूप हाय." तो हसायचा नाही, रागवायचाही नाही. पुडी घडी घालून कंबरेला खोचायचा आणि दाताळं उचलायचा. त्याला चिकट म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, हे लपवत नाही.

आमची दोघांची नोकरी दोन सीझन उरली होती तेव्हा नगरच्या कुठल्याशा कॉलेजची एक मुलगी सर्व्हे करायला आली. समाजसेवेचं शिकत होती. कँटीनच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, शेजारी लेबर ऑफिसर खुर्ची टाकून बसले. फॉर्मचे दोन भाग होते. एकात तंबाखूविषयी आमचं मत, दुसऱ्यात नोकरीत आम्ही समाधानी आहोत का. पोर बिचारी दर माणसाला सांगत होती, "काका, नाव लिहायचं नाही. कोण काय बोललं हे कुणालाही कळणार नाही." तिने तसा शब्द दिला, म्हणून मीही नाव लिहीत नाही.

पहिला मी बसलो. तिने विचारलं, "कामाच्या ठिकाणी पुरेशी विश्रांती मिळते. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही..."

"पूर्ण सहमत."

"काका, सगळे पर्याय ऐकून तरी घ्या."

"ऐकायचं काय त्यात. सगळीकडं पूर्ण सहमत लिव्हा."

ज्या कारखान्याचं मीठ खाल्लं त्याचं उणं परक्या पोरीपुढे कशाला काढायचं, असा माझा हिशोब. आणि खुर्चीवर साहेब होतेच. पाच मिनिटांत मी मोकळा झालो आणि टेबलामागेच उभा राहिलो, कारण आता तो बसला होता.

"काका, तुम्ही तंबाखू खाता?"

"न्हाई."

व्हरांडाभर हसू पसरलं. साहेबसुद्धा हसले. मला मात्र राग आला. एवढे सीझन बरोबर काढले आणि हा माणूस पोरीसमोर साळसूद होतोय. मी म्हणालो, "ताई, खोटं बोलतोय ह्यो. रोज मळतो. व्हय लिव्हा."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दमलेला माणूस बघतो तसं. "मळतो. खात न्हाई."

"व्हय लिव्हा," मी पुन्हा म्हणालो. मी एकदा धरलं की सोडत नाही, घरचे आजही त्याला कंटाळलेत.

पोर गडबडली. मग म्हणाली, "उत्तर त्यांचं आहे काका, ते म्हणतील तेच लिहायचं." आणि पुढचा प्रश्न घेतला. "तंबाखूमुळे काम करायला मदत होते असं वाटतं?"

"खाल्ल्यानं न्हाई. मळल्यानं."

"म्हणजे कसं?"

त्याने एकदा साहेबांच्या खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे बोट केलं. "मी मळतोय तवर ह्यो हुबा ऱ्हातो. ह्याचं गुडघं गेल्यात. त्या येळंपुरतं ह्याला जाळाम्होरनं हलता येतं. तंबाखू बंद करा ताई, लई वंगाळ हाय. पर तेवढा येळ दुसऱ्या नावानं द्या. हे लिव्हा."

"याला इथे रकाना नाही, काका."

"मंग कडंला लिव्हा."

तिने कागद आडवा केला आणि कडेच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं. लिहून होईपर्यंत तो उठला नाही. मग मला विचारलं, "लिव्हलं का रं?" लिहिलं होतं, मला दिसत होतं. पण मी म्हणालो, "मला काय ठावं." एवढ्या साध्या गोष्टीला मी त्याला हो म्हणालो नाही. आता कितीदा म्हणालो तरी उपयोग नाही.

तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी सायकल स्टँडवर तोच थांबला.

"मला थुकताना कवा बघितलंय का तू?"

मी आठवायला लागलो. सगळे सीझन मागे गेलो. गुरव थुंकताना आठवला, साहेब थुंकताना आठवले, मी तर राखेच्या ढिगावर रोजचाच. हा नाही. त्याचे दात बघितले. पांढरे होते. रोज समोर असलेले दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. सगळ्यांना देऊन झालं की तो उरलेली चिमूट ओठाकडे न्यायचा, मान वळवायचा आणि ती भट्टीत जात असणार. तळहाताकडे आम्ही सगळे बघायचो, तोंडाकडे कोण बघतो?

"थोरल्या भावाच्या तोंडात चार महिनं चमच्यानं पानी घातलं," तो म्हणाला. "तवापासनं जिबंला लावली न्हाई."

"मंग आमाला का देत हुता?"

"न्हाई म्हनलो असतो तर तू दुसरीकडं हात पसरला असता. तिथं मूठभर गावली असती. म्या मळत लई बसायचो, द्यायचो बारीक."

तो सायकल काढून गेला. चिकट म्हणायचो मी त्याला.

पुढच्या सीझनला ती मुलगी परत आली. हॉलमध्ये भिंतीवर चित्रं दाखवली, गोल, उभे पट्टे, रंगीत. तंबाखू खाणारे किती, कामावर समाधानी किती. समाधानी पुष्कळ निघाले, त्यात एक मी. शेवटी तिने विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. हा उठला.

"आन मळल्याचं?"

पोरीला लगेच कळलं. तिची मान खाली गेली. "मी लिहिलं होतं, काका. कॉलेजच्या सरांनी काढायला लावलं. तक्त्यात बसत नव्हतं."

"बरं," म्हणाला आणि बसला. 'लिव्हलं का रं' असं ज्याने मला विचारलं होतं, त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

महिन्याभरात फाटकावर तंबाखूमुक्त कारखाना असा बोर्ड लागला. वॉचमन कंबर चाचपून पुड्या आणि चुन्याच्या डब्या काढून घ्यायला लागले. आम्हाला रांगेत उभं करून हात पुढे करायला लावून शपथ दिली, फोटो निघाला. वाईट काही नव्हतं त्यात. पण बॉयलरवर पहिल्याच दिवशी आम्ही सवयीने एका जागी जमलो आणि सुपरवायझर म्हणाला, "तंबाखू नाही, तर मग थांबायचं कशाला?" आम्ही दाताळी उचलली. आठव्या दिवशी गुरव चक्कर येऊन राखेतच बसला. त्याच्या तोंडावर पाणी मारायला गेलेल्या दोघांना समज मिळाली.

त्या दिवशी पाळी सुटल्यावर तो मला बोर्डापाशी घेऊन गेला. मोठ्या बोर्डाखाली एक छापील कागद चिकटवला होता. "वाच."

मी बोट ठेवून वाचलं. त्यावर लिहिलं होतं, सवय एका दिवसात सुटत नाही. स्वतःला वेळ द्या.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"असंच लिव्हलंय? तू तुझं काय घालत न्हाईस न्हवं?"

"असंच लिव्हलंय," मी म्हणालो. "काना-मात्रा सुदीक तीच हाय."

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला त्याने दाताळं भिंतीला लावलं, डावा तळहात उघडला आणि अंगठा फिरवायला लागला. हातावर काहीही नव्हतं. आम्ही आधी बघत राहिलो. मग मी जाऊन त्याच्याजवळ उभा राहिलो. मग गुरव आला. मग सगळे. सुपरवायझर तरातरा आला.

"हातात काय आहे?"

"काय न्हाई साहेब."

"मग मळतोस काय?"

"सवय हाय. सुटाया येळ लागतो."

"कोण म्हणालं?"

"तुमचा बोर्ड म्हनतो. ह्यानं दोनदा वाचलाय."

सुपरवायझरने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "पूर्ण सहमत." मागे कुणीतरी फिसकन हसलं. सुपरवायझरने घड्याळ बघितलं आणि तो निघून गेला. याने दोनदा थाप मारली, चिमूट पुढे केली. "घे. दम खा." मी रिकामी चिमूट घेतली आणि दाढेखाली ठेवल्यासारखं केलं. त्या दिवसापासून सीझन संपेपर्यंत रोज.

दोघं एकाच वर्षी रिटायर झालो. पुढच्याच उन्हाळ्यात तो झोपेत गेला. तोंडाला काही झालं नव्हतं, दात शेवटपर्यंत पांढरे. माझं तोंड मात्र आता दोन बोटांच्या वर उघडत नाही. भाकरी दुधात भिजवून खातो. डॉक्टरने मला फॉर्म भरायला लावला, सवय कधी लागली, कुणामुळे. कुणामुळे पुढे मी रेघ मारली. हात मी पुढे केला होता. आणि त्याची चिमूट बारीक नसती तर ही दोन बोटंही राहिली नसती, असं मला वाटतं. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत.

गेल्या सीझनला आमचा ऊस गेला तेव्हा ट्रॅक्टरवर बसून मीही कारखान्यावर गेलो. ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी नंबर लागायला वेळ होता. हळूहळू चालत जुन्या बॉयलरकडे गेलो. सगळी माणसं नवीन, ओळखीचं एकही तोंड नाही. दाताळी भिंतीला लावलेली, पाच-सहा जण एकाभोवती उभे. मध्ये चाळिशीचा एक गडी रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवत होता. कुणी हसत नव्हतं. त्यांच्यात ती रीतच पडली असावी.

त्याने माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुमी बॉयलरवर हुता का?"

मी मान हलवली. बोलायला तोंड उघडायचा मला कंटाळा येतो.

तो आणखी थोडा वेळ मळत राहिला. मग दोनदा थाप मारली आणि सगळ्यांच्या आधी माझ्यापुढे हात केला. "घ्या बाबा. दम खा."

मी हात पुढे केला. चिमूट बारीकच होती.