चढती रेघ

मी आमच्या गावाजवळच्या सेनगावात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. आलेख शिकवण्यात वीस वर्षं गेली. पाणलोटाच्या कामावर अभियंता असलेला माझा कॉलेजातला जिवलग मित्र म्हणूनच दिवाळीच्या आधी म्हणाला, "तुमच्या ग्रामसभेत आमचा आलेख तूच समजावून सांग. गाव तुझं ऐकतं."

पडद्यावर रेघ वर वर चढत गेली होती. मथळा होता, 'गावातील विहिरींचे पाणी'. मी काठी लावून सांगितलं, "नाल्यावर बंधारे झाले तसं दरवर्षी पाणी वाढून राहिलं." गावातले डॉक्टर, ग्रामसेवक, शाळेतले मास्तर, सगळ्यांनी माना डोलावल्या.

मागं माझी चुलती बसली होती. दर महिन्याला विहिरींत गाठी मारलेली दोरी सोडून पाणी मोजायचं काम तिच्याकडं होतं. आलेख तिच्याच आकड्यांचा.

"मला तर औंदा दोरी जास्तच सोडावी लागून राहिली," ती म्हणाली. "मंग पाणी वर कसं आलं?"

"काकू, सरासरी काढली की वेगळं दिसतं."

लोक हसले.

त्या भरवशावर बऱ्याच जणांनी हरभऱ्याऐवजी जास्त पाणी लागणारा गहू पेरला. पुढं ऐन ओंबीत विहिरी आटल्या. तेव्हा कुठं मी मित्रानं दिलेला आलेखाचा कागद काढून नीट बघितला. उभ्या अक्षाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं : जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली. रेघ चढत होती, म्हणजे पाणी खाली चाललं होतं.

मी लगेच मित्राला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

"त्यात खोटं काय आहे? खोली लिहिलेलीच होती," तो म्हणाला. मग आवाज उतरला. "ग्रामसभेच्या होकारावाचून पुढच्या कामाची मंजुरी अडली होती रे. शिकलेली माणसं रेघच बघतात."

"आणि मी?"

"तूही वाचणार नाहीस, असं वाटलंच होतं."

इतक्या वर्षांत त्यानं मला नेमकं ओळखलं होतं, आणि त्या ओळखीचा असा उपयोग केला होता. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी चुलतीच्या शेतात गेलो. गहू उभ्या उभ्या वाळला होता. सगळं सांगितलं. "त्यानं मला फसवलं, काकू."

"त्याला आमी कुठं वळखत होतो, लेकरा?" ती म्हणाली. "आमी तुझं ऐकलं."

पुढच्या ग्रामसभेत मी चूक कबूल केली. डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या सर, होतं असं." मित्राचे दोनदा फोन आले, मी उचलले नाहीत. चुलती अजून चहा देते, पण पेरणीचं काही विचारत नाही.