दादाच्या वाट्याची झोप

वहिनीचा फोन आला तेव्हा मी आचोळ्याच्या घरी भाजी निवडत होते. "हे वाडीत पडले गं..." एवढंच ती बोलली आणि माझ्या तोंडून निघालं, "हसत होता का?" ती म्हणाली, "नाही गं. या वेळी तसं नाही." हृदयविकाराचा झटका होता. मी माहेरी, भुईगावला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माझा प्रश्न कुणाला विचित्र वाटेल. पण दादा पडला की आमच्या घरात आधी तेच विचारलं जायचं. ऐन तरुणपणापासून त्याला खळखळून हसू आलं की गुडघ्यांतला जोर जायचा, मान लुळी पडायची. शुद्ध मात्र पूर्ण असायची, आणि थोड्याच वेळात तो उठून बसायचा. दिवसा झोप तर कुठेही गाठायची... हातात घास असताना, चर्चमध्ये मिस्सेत फादरांचं प्रवचन चालू असताना. टेबलावर डोकं टेकून झोपतो म्हणून त्याची कंपनीतली नोकरी गेली. वाडीवर परतून तो केळी आणि सोनचाफा बघू लागला. गावात कुणी म्हणे पितो. तो तर थेंबालाही शिवत नसे. बाबांनी मात्र निकाल देऊन टाकला होता, "ऐदी आहे." हळूहळू दादाने हसणंच सोडलं. लग्नाच्या मांडवात गप्पा रंगायला लागल्या की हा उठून बाहेर जाई. लोक त्याला शिष्ट म्हणत.

पन्नाशीला आलेल्या दादाला वहिनीनेच हट्टाने मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मीही होते. त्याच्या डोक्याला तारा चिकटवल्या आणि दिवसभरात थोड्या थोड्या अंतराने त्याला झोपायला सांगितलं. नंतर डॉक्टरबाईंनी आम्हाला पडद्यावर त्याच्या मेंदूच्या लहरी दाखवल्या. जागेपणी त्या बारीक आणि घाईच्या असतात, झोप गाढ होत जाते तशा उंच आणि संथ होतात. स्वप्नांची झोप त्यानंतर, तास-दीड तासाने येते. तेव्हा मेंदू जवळजवळ जागेपणासारखाच धावत असतो, पण शरीर लुळं पडलेलं असतं, म्हणून स्वप्नात पळणारा माणूस अंथरुणातच राहतो. "यांचा मेंदू मधल्या पायऱ्या गाळून थेट स्वप्नात उतरतो," बाई म्हणाल्या. "आणि तोच लुळेपणा यांना जागेपणी, हसताना येतो."

दादा बराच वेळ त्या रेषांकडे बघत राहिला. मग त्याने अगदी हळू विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही?"

"नाही हो. हा आजार आहे. नार्कोलेप्सी."

घरी आल्यावर त्याने बाबांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. ऐंशी ओलांडलेले बाबा उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा ओसरीवर झोपला होता. शेजारच्या वाडीत पंप सुरू झाला, तसे बाबा काठी टेकत कुंपणापाशी गेले. "बंद कर रे तो जरा. माझा मुलगा झोपलाय." दादाला अर्धवट झोपेत ते ऐकू आलं. त्यानेच मला नंतर सांगितलं.

आजार बरा झाला नाही, औषधांनी थोडा आवरला. पण दादा पुन्हा हसायला लागला. त्याचं हसणं इतकं बाबांसारखं होतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं...

परवा त्याच्या महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही ओसरीवर बसलो होतो. वहिनी बाकावर, तिच्या डाव्या बाजूची जागा मोकळी. माझ्या लेकीने मामाचा कसलासा जुना किस्सा काढला आणि इतक्या दिवसांनी सगळे हसले. वहिनीही हसली. हसता हसता तिचा डावा हात आपसूक बाजूला गेला, कुणाची तरी मान सावरायला जावा तसा, आणि तिथेच अधांतरी थांबला. तिलाही ते कळलं. हसणं विरलं, हात मात्र मागे येईना.

मी उठले आणि त्या हातापाशी जाऊन बसले.